दुकान उघडं, वेबसाइट बंद : वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न नाशिक शहर आणि जिल्ह्यातले आहेत. बहुतेक साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर आणि सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचा पडदा) असलेल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट ठेवलेल्या एकाच सर्व्हरवर, आहेत, म्हणून उत्तरंही त्याच हिशेबाने दिली आहेत. एक विनंती आहे. 'साइट चालत नाही' एवढंच लिहू नका. पडद्यावर नेमकी कोणती अक्षरं आली, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडते का, आणि शेवटची चालू कधी पाहिली, या तीन गोष्टी कळवल्या की निम्मं निदान तिथेच होतं.

सातपूर, यंत्रांचे सुटे भाग. सोमवारी सकाळी साइट उघडली तर पांढरं पान आणि 'या वेबसाइटवर गंभीर त्रुटी आली आहे' अशा अर्थाचं एकच वाक्य. शनिवारपर्यंत चालू होती. आमच्यापैकी कुणीही हात लावलेला नाही. होस्टिंगवाले म्हणतात, सर्व्हर ठीक आहे.

तुमचंही खरं आणि त्यांचंही खरं. तुम्ही हात लावला नाहीत, पण दोन गोष्टी आपोआप घडत असतात. काही प्लगिन (साइटला जोडलेले जादा सोयींचे तुकडे) स्वतःहून अपडेट होतात, आणि होस्टिंग कंपनी अधूनमधून पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची, आवृत्ती वर सरकवते. पीएचपी ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला. तरी कित्येक छोट्या साइट त्यावरच रेंगाळत राहिल्या आणि कंपन्या त्यांना टप्प्याटप्प्याने ८ वर ढकलतात. जुन्या आवृत्तीत ज्या चुकीवर नुसती ताकीद मिळायची, तशा बऱ्याच चुकांवर ८ मध्ये काम जागीच थांबतं. रिकाम्या यादीऐवजी 'काहीच नाही' असं मूल्य मोजायला दिलं, तर ७.४ कुरकुर करून पुढे जायचं. ८ तिथेच आडवं होतं. चार वर्षांपूर्वी घेतलेल्या स्लायडरच्या किंवा फॉर्मच्या प्लगिनमध्ये असं काहीतरी हमखास सापडतं.

आधी साइटच्या अ‍ॅडमिन ईमेलची पेटी बघा. अशी त्रुटी आली की वर्डप्रेस त्या पत्त्यावर मेल पाठवतं. त्यात दोषी प्लगिनचं नाव असतं आणि रिकव्हरी मोडमध्ये शिरायची लिंक असते. ही लिंक एक दिवस चालते. अडचण एवढीच की तो पत्ता बहुतेक वेळा साइट बनवणाऱ्याचा असतो आणि मेल त्याच्याकडे धूळ खात पडलेला असतो. साइट सुरू झाली की सेटिंग्जमधल्या जनरल पानावर स्वतःचा पत्ता घाला.

मेल मिळाला नाही तर सीपॅनेलमधल्या फाइल मॅनेजरमध्ये जा. साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये 'एरर लॉग' नावाची फाइल असते, तिच्या शेवटच्या ओळी वाचा. 'फेटल एरर' या शब्दांपुढे एक लांबलचक पत्ता दिसेल. त्यात 'प्लगिन्स' या शब्दानंतरच्या फोल्डरचं नाव म्हणजे आरोपी. 'प्लगिन्स'च्या जागी 'थीम्स' असेल तर दोष थीमचा, म्हणजे साइटच्या रूपाच्या साच्याचा. आणि ओळीत मेमरी संपल्याचा उल्लेख व १३४२१७७२८ असा आकडा असेल, तर १२८ एमबीची मर्यादा भरली आहे. ती २५६ करून बघा. वाढवूनही पुन्हा भरली तर वाढवत बसू नका, एखादं प्लगिन मेमरी गिळतंय.

आरोपी सापडला की त्या एकाच फोल्डरच्या नावापुढे 'बंद' जोडा. साइट लगेच उठायला हवी. लॉगही नसेल तर संपूर्ण 'प्लगिन्स' फोल्डरचं नाव बदला, अ‍ॅडमिनमधलं प्लगिनचं पान एकदा उघडा (त्याशिवाय ती बंद झाल्याची नोंद वर्डप्रेस करत नाही), मग नाव पूर्ववत करून एकेक प्लगिन चालू करत जा. ज्याच्यावर साइट पडेल ते काढा.

ग्राहक खोळंबलेत आणि हे सगळं करायला आज वेळ नाही, अशी परिस्थिती असेल तर सीपॅनेलमध्ये पीएचपीची आवृत्ती बदलायची सोय असते. तिथून तात्पुरतं मागे जा. तात्पुरतं म्हणजे आठवडाभर. प्लगिन आणि थीम अपडेट करून ८.३ वर या. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या डिसेंबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत.

पिंपळगाव बसवंत, बेदाणा व्यापार. वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्ममधून मेल येणं दोन महिन्यांपासून बंद आहे. फॉर्म भरला की 'धन्यवाद' दिसतं, पण पेटीत काही नाही. स्पॅममध्येही नाही.

स्पॅममध्येही नाही, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमचा पहिला संशय त्यावरूनच. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही ऑफिसचा मेल गूगल किंवा झोहोकडे हलवलात का? हलवला असेल तर चौकशा हरवलेल्या नाहीत. होस्टिंगवरच्या जुन्या, कुणी न उघडणाऱ्या पेटीत साचत आहेत. कारण असं की फॉर्म ज्या सर्व्हरवर आहे, त्याला वाटतं की तुमच्या डोमेनचा (साइटच्या नावाचा) मेल आपल्याकडेच असतो. तो बाहेर विचारायलाच जात नाही, मेल घरातल्या घरात टाकून मोकळा होतो. सीपॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' उघडा, तिथे 'लोकल' असेल ते 'रिमोट' करा आणि जुनी पेटी वेबमेलमधून उघडून बघा. दोन महिन्यांचा माल कदाचित तिथेच असेल.

तसं नसेल तर फॉर्मची 'फ्रॉम' ओळ तपासा. बरेच फॉर्म तिथे ग्राहकाचाच पत्ता घालतात. म्हणजे तुमचा सर्व्हर याहूच्या पत्त्याने पत्र लिहितो, आणि याहूचं जाहीर धोरण असं की आमच्या नावाने दुसऱ्या कुणी पाठवलं तर नाकारा. मेल घेणारा सर्व्हर तेच करतो. 'फ्रॉम'मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा, ग्राहकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये घाला.

मग एसएमटीपीचं (मेल पाठवायच्या पद्धतीचं) एखादं प्लगिन बसवून फॉर्मचे मेल खऱ्या पेटीच्या लॉगिनने पाठवा. पोर्ट ५८७ असेल तर टीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल; जोड्या उलट लावल्या की नुसतं 'कनेक्ट होत नाही' येतं आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो. जीमेलची पेटी वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

शेवटी डीएनएस, म्हणजे डोमेनची साइट आणि मेल कुठे आहे हे सांगणारी नोंदवही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ (या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लागतं, दोन्ही लावा. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. होस्टिंगची एक आणि गूगलची एक अशा दोन नोंदी ठेवल्या तर दोन्ही बाद होतात. त्या एका ओळीत गुंफा, आणि त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकशा दहाच्या वर जाऊ देऊ नका. नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएस ठेवणारे सर्व्हर, दुसरीकडे असतील तर सीपॅनेलमधलं डीकेआयएमचं बटण दाबून काही होत नाही. तिथली ओळ उचलून जिथे डीएनएस आहे तिथे चिकटवावी लागते. झालं की स्वतःच्या जीमेलवर एक चाचणी मेल पाठवा, तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' उघडा. तिथे एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे 'पास' दिसायला हवं.

हे सगळं नीट झालं तरी मेलवर एकट्यावर विसंबू नका. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ वापरत असाल तर फ्लेमिंगो हे प्लगिन प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही ठेवतं. शेजारी व्हॉट्सअ‍ॅपची लिंक द्या. तिच्यात नंबर ९१ ने सुरू होतो, अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा घालायची नाही.

पंचवटी, लॉज. साइट बनवणाऱ्याने डोमेन त्याच्या नावावर घेतलं आहे. आता तो फोन उचलत नाही. सिंहस्थ तोंडावर आला असताना काय करावं?

वेबसाइटच्या धंद्यातली ही सर्वांत जुनी तक्रार, आणि खरं सांगायचं तर यात तंत्र कमी, कागद जास्त. डोमेन ज्याच्या खात्यात, त्याचं. साइटवर तुमचा फोटो आहे म्हणून ते तुमचं होत नाही.

आज रात्रीच 'हूइज' चौकशी करा, म्हणजे डोमेनच्या नोंदणीची जाहीर माहिती बघा. मालकाचं नाव झाकलेलं असेल, पण रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) कोण, मुदत कधी संपते आणि नेमसर्व्हर कुठले, हे दिसतं. मुदत महत्त्वाची. डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की साइट थोड्याच दिवसांत दिसेनाशी होते. रजिस्ट्रारप्रमाणे ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या पैशांत नूतनीकरण होऊ शकतं, त्यानंतर ३० दिवस भरमसाट दंड भरून, मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि शेवटी ते बाजारात येतं. नूतनीकरण त्याच्याच खात्यातून होणार असल्यामुळे भांडण उकरण्याआधी त्याच्याकडून एक वर्ष वाढवून घ्या.

तो भेटला की 'ट्रान्सफर'चा आग्रह धरू नका. त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं खातं उघडा आणि डोमेन एका खात्यातून दुसऱ्यात ढकलायला सांगा. हे बहुधा त्याच दिवशी होतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर लॉक काढणं, ऑथ कोड (ट्रान्सफरचा पासवर्ड), पाच-सात दिवसांची वाट, आणि नोंदणी किंवा आधीचं ट्रान्सफर ६० दिवसांच्या आतलं असेल तर नकार. तो भेटलाच नाही तर तुमच्याकडचं बिल, पैसे दिल्याची नोंद आणि 'डोमेनसहित' असा शब्द असलेला व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेल गोळा करून रजिस्ट्रारला लिहा. नावावर तुमचा ट्रेडमार्क असेल तर डॉट इनसाठी निक्सी या भारतीय संस्थेची आणि डॉट कॉमसाठी आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेची तंटा निवारण पद्धत आहे. ट्रेडमार्क नसेल तर ती वाट अवघड आहे.

दरम्यान दुसरं डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन ठेवा आणि गूगल नकाशावरच्या नोंदीची मालकी कुणाकडे आहे तेही बघा. यात्रेकरू लॉज शोधतात ते आधी तिथेच. डोमेन हाती आलं की एकदम काही वर्षांचे पैसे भरा, दहापर्यंत भरता येतात. ऑटो-रिन्यू चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे परदेशी कंपनीकडे साठवलेल्या भारतीय कार्डावरून आपोआप पैसे कापले जाणं अनेकदा अडतं. २०२७ च्या ऐन पर्वणीला साइट नसणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

येवला, पैठणी. साइट उघडायला फार वेळ लागतो. शिवाय गिऱ्हाईक म्हणतं, फोटोतला रंग वेगळा आणि हातात आला तो वेगळा.

वेळेचं कारण जवळजवळ नक्की फोटोंचं. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० चा असतो, तीन ते पाच एमबी. एका पानावर वीस लुगडी म्हणजे ऐंशी-एक एमबी. यादीतल्या फोटोला ६०० पिक्सेल रुंदी पुरते, साडीच्या स्वतंत्र पानाला १२००. वेबपी स्वरूपात, ८० च्या आसपास क्वालिटीवर तो दीडशे-दोनशे केबीत बसतो. स्क्वूश हे मोफत साधन ब्राउझरमध्येच हे काम करतं. पदराची नक्षी दाखवायची म्हणून मूळ फोटो तसाच चढवू नका. मोराचा आणि काठाचा जवळून वेगळा फोटो काढा, तो १६०० ठेवा. वर्डप्रेस ५.३ पासून मोठा फोटो २५६० पिक्सेलवर आणतं, पण मूळ फाइलही ठेवून देतं. डिस्क भरते ती अशीच.

वरचा फिरता स्लायडर काढा. पाचही फोटो उतरवून तो एकच दाखवतो. पानावरच्या पहिल्या मोठ्या चित्राला 'लेझी लोड' (वाचक तिथवर पोचल्यावरच चित्र उतरवणं) लावू नका, बाकीच्यांना लावा. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या साधनात मोबाइलचा एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) हा आकडा अडीच सेकंदांच्या आत आला की पुढे गुण वाढवायच्या नादी लागायचं कारण नाही. ९० गुणांनी पैठणी जास्त खपत नाही.

रंगाचं कोडं जास्त मजेचं आहे. आयफोन आणि बरेच नवे फोन 'डिस्प्ले पी३' या रुंद रंगपट्ट्यात फोटो काढतात आणि त्याची चिठ्ठी, म्हणजे कलर प्रोफाइल, फाइलला जोडतात. फोटो लहान करणारी काही साधनं वजन कमी करायला ती चिठ्ठी फाडून टाकतात. मग ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी, म्हणजे वेबचा नेहमीचा अरुंद रंगपट्टा, समजून वाचतो आणि गर्द राणी रंग फिका पडतो. उपाय क्रमात आहे: आधी एसआरजीबीमध्ये रूपांतर, मग आकार कमी. फोटो काढताना ट्यूबलाइट बंद ठेवून खिडकीच्या सावलीतल्या उजेडात काढा आणि चौकटीत एक पांढरा कागद ठेवा. तो पांढरा दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स दुरुस्त करा, नंतर कापून टाका. जरीचा रंग मात्र उजेड फिरला की फिरणारच, तेवढं वर्णनात लिहा.

मेन रोड, आयुर्वेदिक औषधांचं दुकान. होस्टिंग बदललं आणि मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं आली. परत मिळेल का?

काय दिसतंय ते नीट बघा. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर नव्या डेटाबेसमधली अक्षरं गेली. देवनागरी न मावणाऱ्या तक्त्यात भरताना प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं, आता तिथे मूळ उरलेलंच नाही. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनाची चिन्हं पुन्हा पुन्हा दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचतोय. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट्सचं असतं. ते तीन सुटे वाचले की असा गोंधळ दिसतो. अशा वेळी डेटाबेसची प्रत काढून डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधला कॅरॅक्टर सेट त्या प्रतीवर तपासा, मूळवर नाही.

तुमच्या बाबतीत जुन्या होस्टिंगवर जाऊन डेटाबेस पुन्हा उतरवणं हाच मार्ग. उतरवताना आणि चढवताना दोन्हीकडे 'यूटीएफ८ एमबी४' निवडा. जुनं होस्टिंग निदान महिनाभर बंद करू नये, ते याच कारणासाठी.

जाता जाता: मराठी लेखाचा पत्ता मराठीत ठेवू नका. पत्त्यात एकेका चिन्हाची नऊ रोमन अक्षरं होतात आणि वर्डप्रेस २०० वर कात्री लावतं, म्हणजे बावीसेक चिन्हं. काना, मात्रा, जोडाक्षराचं हलन्त, सगळी चिन्हं त्यातच मोजली जातात. 'अश्वगंधा चूर्ण घेण्याची पद्धत' हे शीर्षकसुद्धा मध्येच तुटतं.

भांडी बाजार, तांब्या-पितळेची भांडी. दर बदलले, पण गिऱ्हाइकाला जुनेच दिसतात.

कॅश, म्हणजे पटकन दाखवायला साठवलेली जुनी प्रत. ती तीन ठिकाणी असते: तुमच्या प्लगिनमध्ये, क्लाउडफ्लेअरसारखी सेवा असेल तर तिथे, आणि गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये. पहिल्या दोन तुम्ही रिकाम्या करू शकता, त्याच क्रमाने. तिसरी नाही. म्हणून दरपत्रक पीडीएफमध्ये देत असाल तर नवी फाइल जुन्याच नावाने चढवू नका. नावात तारीख घाला आणि लिंक बदला.

इंदिरानगर, क्लासेस. 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' लावून साइट उघडते, न लावता 'असुरक्षित' असं येतं.

साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र (एसएसएल) एकाच नावावर निघालंय. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं, पण त्यासाठी दोन्ही नावं याच सर्व्हरकडे वळलेली हवीत. बिनडब्ल्यूचं नाव जुन्या सर्व्हरकडे राहिलं असेल. डीएनएसमधली 'ए' नोंद (नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ती) बघा, आणि 'क्वाड ए' (तीच नोंद, आयपीव्ही६ पत्त्यासाठी) विसरू नका, जुनी राहते ती हीच. दुरुस्त करून सीपॅनेलमध्ये ऑटोएसएसएल पुन्हा चालवा.

पंचवटी कारंजा, चिवडा आणि फरसाण. गूगलवर दुकानाचं नाव शोधलं तर खाली जपानी अक्षरं आणि घड्याळांच्या जाहिराती दिसतात. साइट उघडली तर सगळं व्यवस्थित आहे.

साइट हॅक झाली आहे, आणि व्यवस्थित दिसते ती मुद्दाम. घुसलेला कोड पाहुणा कोण ते बघतो. गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) आला तर जपानी पानं, तुम्ही आलात तर चिवडा. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात एखादा पत्ता तपासला की गूगलला दिसणारं पान तुम्हालाही दिसेल.

साफसफाईचा क्रम चुकला की घाण परत येते. सीपॅनेलचा पासवर्ड आधी बदला, वर्डप्रेसचा नंतर. सर्च कन्सोलमध्ये अनोळखी मालक जोडलेला आहे का बघा. या प्रकारात चोर स्वतःलाच मालक म्हणून नोंदवतो. त्याला काढा, आणि त्याने ज्या फाइलने ओळख पटवली तीही काढा, नाहीतर तो पुन्हा शिरेल. डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लूड्स हे दोन फोल्डर पूर्ण उडवून नव्या वर्डप्रेसमधले टाका. प्लगिन आणि थीम मुळापासून पुन्हा उतरवा, दुरुस्त करत बसू नका. 'फुकट प्रीमियम' थीम कुणी बसवली असेल तर दार तिथूनच उघडलं असण्याची दाट शक्यता. अपलोड्समध्ये फोटो, पीडीएफ अशा फाइल असतात. तिथे पीएचपी फाइल सापडली की ती परकीच समजा. वापरकर्त्यांच्या यादीतले अनोळखी अ‍ॅडमिन, एचटीअ‍ॅक्सेस फाइल (सर्व्हरला सूचना देणारी) आणि सीपॅनेलमधले क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बघा. डब्ल्यूपी-कॉन्फिगमधल्या गुप्त किल्ल्या, ज्यांना 'सॉल्ट' म्हणतात, त्या बदला म्हणजे आत बसलेले सगळे बाहेर पडतील.

आणि त्याच होस्टिंगवरचे 'ओल्ड', 'टेस्ट', 'न्यू२' असे विसरलेले फोल्डर काढून टाका. नवी साइट धुतली तरी शेजारच्या २०१९ च्या प्रतीतून रोग परततो. जपानी पानं ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', देत आहेत ना एवढं बघा, रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांना मनाई लिहितात ती) ती अडवू नका. गूगलला ती गेल्याचं दिसायला तर हवं. निकालांतून पुसली जायला काही आठवडे लागतात.

अंबड, पॅकेजिंग. साइटच्या वार्षिक देखभालीचा करार करतोय. त्यात काय लिहून घ्यावं?

'बॅकअप घेऊ' एवढ्या ओळीवर सही करू नका. फाइल आणि डेटाबेस दोन्ही, आठवड्यातून एकदा तरी, आणि एक प्रत होस्टिंगच्या बाहेर, तुमच्या खात्यातल्या ड्राइव्हवर. दर तीन महिन्यांनी त्यातली एक प्रत सबडोमेनवर उभी करून दाखवायची, आणि किती वेळ लागला ते लिहायचं. अपडेट महिन्यातून एकदा, मंगळवार-बुधवारी सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी नाही. त्याआधी बॅकअप, त्यानंतर फॉर्म भरून बघायचा. साइट पडल्यावर किती तासांत माणूस हजर होईल आणि कितव्या तासापासून वेगळे पैसे लागतील, हे आकड्यांत हवं. डोमेन, होस्टिंग, अ‍ॅडमिन ईमेल आणि गूगलची खाती तुमच्या नावाची. त्याला वेगळं लॉगिन द्या, तुमचं नाही. करार संपला की ते लॉगिन त्याच दिवशी बंद करायचं, हेही त्याच कागदावर.